हयात माणसाची चौकट

आमच्या कॉलेजात संध्याकाळचे प्रमाणपत्र वर्ग चालतात, आणि त्या वर्गांच्या ऑफिसात मी बसते. शिवणकाम, हिशेब, फोटोग्राफी, परकी भाषा, म्हणाल ते. लोकांना वाटतं, खिडकीमागची बाई म्हणजे अर्ज आत ओढून पावती बाहेर फेकणारं यंत्र. तसं नाही. मी अर्ज वाचते. आणि रकाना रिकामा दिसला की अर्ज आल्या पावली परत. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

वंशावळीचा वर्ग नवा निघाला त्या वर्षी हा माणूस खिडकीशी आला. साठीचा, अंगाने काटकुळा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी बसलेली. मला आधी वाटलं, शाळामास्तर असेल, खडू असेल. पण तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. अर्ज सुंदर अक्षरात भरलेला, फक्त एक रकाना कोरा. 'काही झाल्यास कोणाला कळवावे: नाव, नातं.'

"हे राहिलंय," मी म्हटलं.

"काय झाल्यास?"

"अहो, तुम्हाला काही झालं तर!"

त्याने खरोखर विचार केला. "कोणाला नको कळवायला," म्हणाला. "झालं तर झालं."

"रकाना रिकामा चालत नाही."

मग त्याने दुकानाच्या मालकाचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे लिहिलं 'मालक'. म्हटलं, मालक हे काही नातं नव्हे. तर म्हणतो, "माझ्याकडे दुसरं नाही, बाई." मागे रांग वाढत होती. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत शिक्का मारला.

वर्गात त्याचं नाव 'भिंगवाले' पडलं. बाकीची मंडळी मोठ्या गोतावळ्याची. प्रत्येकाला आपला पूर्वज सरदार निघायला हवा होता, पाकीटमार कुणाचाच निघत नव्हता. एका बाईंनी तर खापरपणजोबांसाठी तक्त्यावर मुकुट काढला होता, नाकापेक्षा मोती जड! भिंगवाल्यांचं काहीच तसलं नव्हतं. एकुलते एक. आईबाप जाऊन वर्षं झालेली. आईच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं, आणि मग कुणी विचारलं नाही, असं ते सांगायचे, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसे.

दुकान बंद करून ते वर्गाच्या फार आधी यायचे आणि माझ्या ऑफिसातल्या बाकावर बसायचे. बोलणं बेताचं. एकदा न विचारता माझा चष्मा टेबलावरून उचलला, ट्यूबलाइटकडे धरला, तोंड वाकडं केलं आणि रुमालाने पुसून परत ठेवला. मी घालून बघते तर काय, माझं ऑफिस इतकं कळकट आहे हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून आमचा चहा एकत्र व्हायला लागला.

"तुम्हाला कशाला हवी वंशावळ?" मी एकदा विचारलंच. माझ्या जिभेला हाड नाही.

"बघायचंय, कुणाच्या तरी तक्त्यात मी आहे का," ते म्हणाले. "बाबांचं कुणीतरी असेलच ना. बाबा कधी बोलले नाहीत. पण झाडाला एकच फांदी असते का कुठे?"

एवढंच हवं होतं त्यांना. कुणाच्या तरी तक्त्यात एक चौकट.

त्यांचे सर वयाने तरुण, पण नियमाला पक्के. पुरावा नसेल ते पेन्सिलीने लिहायचं, पुरावा मिळाला की शाईने. तक्त्यात नवी चौकट काढायची तर नात्यातल्या एका माणसाची साक्ष हवी, आणि ती लिहून घेणारा माणूस नात्याबाहेरचा हवा. आणि जिवंत माणसाचं नाव-गाव जगाला दाखवायचं नाही. त्याच्या चौकटीत एकच शब्द लिहायचा: हयात. माणूस गेला की मग चौकट उघडायची, नाव लिहायचं, तारखा लिहायच्या. मला हा नियम मोठा गमतीचा वाटायचा. जगेपर्यंत झाकून ठेवायचं आणि मेल्यावर नाव सांगायचं, ही कुठली तऱ्हा!

जगभरचे लोक आपापले तक्ते ठेवतात अशी एक वेबसाइट आहे. सरांनी सगळ्यांना त्यावर आपापल्या आजोबांना शोधायला लावलं. त्या संध्याकाळी भिंगवाले वर्ग अर्ध्यावर सोडून ऑफिसात आले आणि बाकावर न बसता माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई," म्हणाले, "मी गेलोय म्हणे."

"कुठे गेलाय?"

"वारलोय."

त्यांनी हातातला छापील कागद पुढे केला. आजोबा होते, आजी होती, वडील, आई, सगळं बरोबर. त्यांच्याखाली एकच चौकट आणि त्यात त्यांचं नाव. चौथ्या वर्षी मृत्यू. चौकटीखाली एक आडवी रेघ, म्हणजे वंश इथे थांबला.

मी साल बघितलं आणि मला हसू फुटलं. "अहो, तुमच्या जन्माच्या आधी दोन वर्षं तुम्ही वारलात! आधी वारलात, मग जन्मलात. घाई काय होती एवढी?"

तेही हसले, पण कागद परत घेऊन पुन्हा वाचायला लागले. सर म्हणाले, असल्या चुका ढिगाने सापडतात, लोक ऐकीव गोष्टी ठोकून देतात. तक्ता करणाऱ्याला कळवा, दुरुस्ती होईल. म्हटलं, जिवंत माणूस समोर उभा आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? तर सर म्हणाले, "पुरावा लागेल." घ्या!

तक्ता करणारी मुलगी परदेशात राहणारी निघाली. भिंगवाल्यांच्या आत्याची नात. त्यांना आत्या आहे हेच त्यांना त्या दिवशी कळलं. नातीचं उत्तर आलं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. 'ही माहिती आजीने दिली आहे. तो मुलगा आजीच्या मांडीवर गेला. आजी खोटं बोलत नाही. ती अजून आहे, हवं तर जाऊन विचारा.' खाली पत्ता.

"मांडीवर गेलो?" भिंगवाले म्हणाले. "मग हा कोण बसलाय इथे?"

साक्ष लिहून घ्यायला बाहेरचं माणूस हवं. वर्गातला एक गृहस्थ येणार होता, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्याला नेमकी त्याच दिवशी सर्दी झाली. मग मी गेले. कुरकुर करत गेले, पण गेले. रविवार होता. घरी तरी माझी कोण वाट बघत होतं?

बसने गेलो. भिंगवाल्यांच्या नव्या शर्टाच्या खिशात तक्त्याच्या दुरुस्तीचा कागद होता, त्यावर परत परत हात ठेवून बघत होते. आत्याबाई तळमजल्यावर राहायच्या. दार त्यांनीच उघडलं. वाकलेल्या, काठी टेकत, चष्म्याच्या काचांवर इतके ओरखडे की त्यामागचे डोळे धड दिसेनात.

"कोण?"

भिंगवाल्यांनी नाव सांगितलं. आपलं, बापाचं, आडनावासकट, एका दमात. शाळेत हजेरी देतात तसं.

बाईंचा चेहरा असा काही झाला की मी एक पाऊल मागे सरकले.

"निघ इथून," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "लाज नाही वाटत? मेलेल्या पोराचं नाव घेऊन माझ्या दारात येतोस?"

दार लोटलं जात होतं. शेवटी मीच दाराच्या फटीत पाय घातला. "अहो आजी, मी कॉलेजातून आलेय. हा माणूस हेच नाव लावत म्हातारा झालाय, दुसरं नाव त्याने आणायचं कुठून? बसून बोलू. तुम्हाला खोटं वाटलं तर मी स्वतः त्याला बाहेर काढते."

आत घेतलं त्यांनी. बसा म्हणाल्या नाहीत. भिंगवाल्यांनी आईबद्दल सांगितलं, बाबांबद्दल सांगितलं, पण कसल्याच गोष्टीने बाईंचा चेहरा हलेना. कुठूनही कळेल असलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. मग भिंगवाल्यांना सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सांगायचं म्हणून ते म्हणाले, "बाबा मला पाण्याजवळ जाऊ द्यायचे नाहीत. तळं, नदी, कशाच्याच जवळ नाही. मला अजून पोहता येत नाही. आंघोळीला गेलो तरी दाराबाहेर उभे राहायचे आणि आतून बोलत राहा म्हणायचे. मुलं हसायची मला."

बाई खाली बसल्या. काठी हातातून सुटली, ती मी उचलली.

"तळ्यावर मीच नेलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "बदकं बघायला. हट्टच धरला होता. पाण्यात गेला, भिजला, आणि रात्री ताप भरला. तिसऱ्या दिवशी संपलं. दादा मला म्हणाला, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. नाही ठेवलं मी. आमच्या गावाकडूनही कुणी काही सांगितलं नाही मला. मला वाटलं, दादाचं तिथेच संपलं." मग म्हणाल्या, "म्हणजे दुसरा झाला होता. आणि दादाने तेच नाव ठेवलं."

आम्हाला वाटलं होतं, कागदावरची चूक आहे. चूक नव्हतीच. त्या चौकटीतला मुलगा खरा होता, त्याचं मरणही खरं होतं. ह्या माणसाला साठाव्या वर्षी एक थोरला भाऊ मिळाला होता, तोही मेलेला.

भिंगवाल्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. दुरुस्ती कशाची करणार आता?

"त्याची चौकट खोडू नकोस हं," बाई म्हणाल्या.

"नाही खोडणार. शेजारी दुसरी काढायची. तुम्ही साक्ष दिली तर."

"मी कशी देऊ? मी तुला बघितलेलं नाही. मी त्याला बघितलंय." मग जरा नरमल्या. "खोटी सही मी आयुष्यात केली नाही. येत जा तू. बघू दे मला."

परतीच्या बसमध्ये भिंगवाले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, बाबा मला हाक मारायचे ना, तर मी 'आलो' म्हटलं तरी थांबायचे नाहीत. मी समोर येऊन उभा राहिलो तरी हाका चालूच. मला वाटायचं, त्यांना कमी ऐकू येतं."

त्या हाका ह्यांना नव्हत्याच, थोरल्याला होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी, जी दुसऱ्यांना रडवते अशी माझी ख्याती आहे, ती बसमध्ये पदराने डोळे पुसत बसले. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

मग दर रविवारी ते जायचे. सोमवारी चहाला मला हकीकत सांगायचे. आत्याबाई त्यांना शेजारी बसवून गोष्टी सांगायच्या, सगळ्या त्या थोरल्याच्या. तो कसा उलट्या चपला घालायचा, दूध प्यायचा नाही, मांजराला काका म्हणायचा. कधी कधी बोलता बोलता ह्यांच्याच पाठीवर हात फिरवून म्हणायच्या, "चपला नीट घाल रे." हे म्हणायचे, "घातल्यात, आत्या."

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं. मला तर येत होता. "तुमचं काहीच कसं विचारत नाही ती बाई? तुम्ही काय खाता, काय पिता, काही?"

"विचारेल," ते म्हणाले. "आधी त्याचं संपू दे. कितीतरी वर्षं कुणाशी बोलली नाहीये ती त्याच्याबद्दल."

संपत मात्र नव्हतं. इकडे वर्ग संपत आला, सगळ्यांचे तक्ते शाईने झाले, भिंगवाल्यांची चौकट आपली पेन्सिलीतच. सर दोनदा बोलून गेले. मी म्हटलं, जाऊ दे, आणखी थोडे दिवस द्या. ऑफिसातली बाई असले शब्द बोलत नसते, पण बोलले.

शेवटी त्यांच्या ध्यानात आलं ते त्यांच्या धंद्यातलंच होतं. आत्याबाईंचा तो चष्मा. काखेत कळसा अन् गावाला वळसा! इतके रविवार समोर बसून, 'बघू दे मला' म्हणणाऱ्या बाईच्या काचा त्यांनी तपासल्या नव्हत्या. आत्यासमोर बसलं की मला काही सुचत नाही, म्हणाले. डोळ्यांचा नंबर काढवून घेतला आणि काचा स्वतः घासल्या, दुकानातल्या मशीनवर नाही, जुन्या चाकावर, पाण्याची धार धरून. जाताना मला बरोबर यायला सांगितलं. "कदाचित लागेल लिहून घ्यायला," म्हणाले.

त्यांनी आत्यांच्या कानांमागे काड्या बसवल्या, नाकावर चष्मा ठीक केला आणि समोर स्टुलावर बसले. बाईंनी आधी भिंत बघितली. मग आपले हात बघितले. मग मान वर केली.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "केवढा म्हातारा आहेस रे तू!"

मी हसले. भिंगवालेही हसले. बाई हसल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी ह्यांचे पांढरे केस चाचपले, गालावरच्या सुरकुत्या चाचपल्या, आणि एकदम रडायला लागल्या. "तोसुद्धा एवढा झाला असता," म्हणाल्या. "मी त्याला कधी वाढवलाच नाही डोक्यात. तेवढाच ठेवला." रडून झाल्यावर नव्या चष्म्यातून पुन्हा निरखून बघितलं. "तू जेवतोस का नीट? कोण करतं तुझं?"

"मीच करतो."

"दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिही गं."

मी लिहून घेतलं. 'हा माझ्या दादाचा धाकटा मुलगा. मला हा उशिरा दिसला. आता मी ह्याला बघितलं आहे.' खाली त्यांनी काळजीपूर्वक, अक्षर न् अक्षर लावून सही केली. सर म्हणाले, साक्षीची भाषा अशी नसते. मी म्हटलं, "आता अशीच असते."

वर्ग संपला तेव्हा सगळे तक्ते कॉलेजच्या व्हरांड्यात लावले. मुकुटवाल्या खापरपणजोबांपाशी गर्दी होती. भिंगवाल्यांच्या तक्त्यासमोर मी आणि ते, दोघंच उभे होतो. आईबापांच्या खाली शेजारी शेजारी दोन चौकटी, दोन्ही शाईतल्या. पहिलीत थोरल्याचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली बारीक अक्षरात: चपला उलट्या घालायचा, मांजराला काका म्हणायचा. दुसरीत नियमाप्रमाणे एकच शब्द. हयात. माझा जीव नुसता तडफडला. म्हटलं, अहो, एवढा जन्म काढलात, नावसुद्धा त्याच्याच चौकटीत गेलं की हो! तुमचं इथे काय उरलं?

"आहे ना," ते म्हणाले. "शाईत आहे."

आत्याबाई नंतर फार राहिल्या नाहीत. चष्मा घालूनच झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. परदेशातल्या नातीने आपल्या तक्त्यात ह्यांची चौकट टाकली, एका ओळीत तसं कळवलं, आणि तो पत्रव्यवहारही तेवढ्यावर थांबला. भिंगवाल्यांनी आमच्या भिंतीवरचा तक्ता खाली काढून घेतला. आत्यांच्या चौकटीतला 'हयात' खोडला, नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. आत्यांच्या पुढची पिढी ह्या तक्त्यात नव्हती, त्यामुळे परत टांगला तेव्हा त्या सबंध कागदावर 'हयात' हा शब्द एकदाच उरला होता. त्या रविवारी ते सवयीने बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले, बस आली, आणि मग त्यांना आठवलं. हे त्यांनीच मला सांगितलं. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला.

नव्या वर्षी वंशावळीचा पुढचा वर्ग निघाला. भिंगवाले खिडकीशी आले, जणू पहिल्यांदाच. मधल्या काळात दुकानाच्या मालकाने गाशा गुंडाळला होता. जुनं चाक ह्यांना घेऊन जा म्हणाला, ते आता ह्यांच्या खोलीत पलंगाखाली आहे. मी अर्ज घेतला आणि डोळे आपोआप त्या रकान्यावर गेले. 'काही झाल्यास कोणाला कळवावे.' नाव लिहिलेलं होतं. माझं.

"अहो, हे काय?"

"रिकामा चालत नाही म्हणता ना तुम्ही. आणि माझी चौकट कधीतरी कुणालातरी उघडावी लागेल. तुमच्याकडे तक्ता भिंतीवरच आहे, फार लांब जायला नको."

असल्या गोष्टी हा माणूस पावती मागावी तशा आवाजात बोलतो. मी खेकसले. "नातं राहिलंय!"

"ते अडलंय खरं," ते म्हणाले आणि खिशातली पेन्सिल काढली. "'ओळख' लिहू?"

मी त्यांच्या हातातली पेन्सिल बाजूला सारली, माझं पेन घेतलं आणि लिहिलं: बहीण.

त्यांनी अर्ज उचलून काच बघतात तसा ट्यूबलाइटकडे धरला. बराच वेळ धरला. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं.

"शाईने लिहिलंत, बाई," ते म्हणाले. "ह्याला पुरावा नाही."

"मागायला आहे कोण?" मी म्हटलं, आणि शिक्का मारला.